एकोणतिसाव्या आठवड्यात जन्मलेले बाळ: बेंबीतली नळी काढून पुन्हा ‘पिक लाइन’ कशासाठी?

कृष्णाकाठ

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाला मुलगी झाली आहे, पण ती दिवस भरण्याच्या बरीच आधी, एकोणतिसाव्या आठवड्यात जन्मली. जन्मवजन १,१०० ग्रॅम होते. सध्या ती आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी एका खासगी रुग्णालयाच्या एनआयसीयूमध्ये (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात), म्हणजे घरचे म्हणतात त्याप्रमाणे ‘काचेत’, आहे. नाकावाटे सीपॅप, म्हणजे श्वासाला आधार देणारा हवेचा दाब, चालू आहे आणि तोंडातून घातलेल्या नळीने आईचे दूध दर दोन तासांनी थोडे थोडे सुरू केले आहे. भाऊ दिवसभर औषधांच्या आणि पैशांच्या धावपळीत असतो, भावजय अजून सिझेरियनच्या टाक्यांतून सावरलेली नाही, त्यामुळे डॉक्टरांचे बोलणे ऐकून घरी समजावून सांगण्याचे काम आत्या म्हणून माझ्याकडे आले आहे.

माझा गोंधळ नळ्यांविषयी आहे. जन्मल्याबरोबर बेंबीतून एक नळी घातली गेली आणि सुरुवातीचे सलाइन, औषधे, पोषणाचे द्रव हे सगळे तिच्यातूनच गेले. शिवाय हातावर साधी सुई होती. एका रात्री त्या सुईतले औषध शिरेबाहेर पसरले, पंजा सुजला आणि कातडीवर अजूनही काळपट डाग आहे. नंतर हातापायाची शीर मिळेना म्हणून कानाच्या वरचे केस काढून डोक्यात सुई लावली. जावळ होण्याआधीच केस काढले म्हणून माझ्या आईने नाराजी धरली आहे, तो भाग निराळा. आता डॉक्टर म्हणतात की बेंबीतली नळी काढायची आणि हातातून किंवा पायातून ‘पिक लाइन’ नावाची लांब नळी थेट छातीपर्यंत न्यायची. संमतीपत्रावर जंतुसंसर्ग, रक्ताची गुठळी, हृदयाभोवती पाणी साचणे आणि जिवाला धोका असे सारे लिहिलेले आहे, आणि ते वाचून भाऊ सही करायला कचरतो आहे.

बेंबीतली नळी व्यवस्थित चालत असताना ती काढायची कशासाठी? दूध सुरू झालेच आहे, तर मधले काही दिवस साध्या सुईवर भागणार नाही का? संमतीपत्रातला धोका खरा किती आणि कागदापुरता किती? आणि डॉक्टर-सिस्टरांना न दुखावता नातेवाइकांनी काय विचारावे? उपचार कोणता करावा हे मी येथे विचारत नाही, तो निर्णय तिथल्या डॉक्टरांचा आहे. सही समजून करावी, एवढीच इच्छा आहे.


रात्रपाळी

ताई, मी एनआयसीयूमध्ये परिचारिका आहे. साध्या सुईपासूनच सांगते, कारण पुढचे बरेचसे तिच्यावरूनच कळेल.

आपण जिला सुई म्हणतो ती खरे तर शिरेत राहणारी मऊ प्लॅस्टिकची आखूड नळी असते. आतली धातूची सुई केवळ वाट करून देते आणि लगेच बाहेर काढली जाते. नवजात बाळांना बहुधा पिवळ्या टोपणाची २४ गेजची, आणि फारच लहान बाळांना जांभळ्या टोपणाची २६ गेजची कॅन्युला लावतात. किलोभराच्या बाळाच्या हाताची शीर इतकी नाजूक असते की अशी कॅन्युला दीड-दोन दिवस टिकली तरी आम्ही समाधान मानतो. त्यानंतर शीर सुजते किंवा फुटते आणि पुन्हा नवी जागा शोधावी लागते. जागा मोजक्याच असतात: पंजाची पाठ, मनगट, पावलाची वरची बाजू, घोट्याजवळची शीर आणि डोके. त्या सगळ्या पहिल्याच आठवड्यात वापरून संपल्या, तर बाळ खरोखर अत्यवस्थ होईल तेव्हा हाताशी काहीच उरत नाही.

दुसरे म्हणजे, या कॅन्युलातून वाटेल ते देता येत नाही. ग्लुकोजचे प्रमाण १२.५ टक्क्यांच्या वर गेले की ते हातापायाच्या बारीक शिरेला सोसत नाही. कॅल्शियम शिरेबाहेर सांडले तर कातडी जळू शकते, आणि डोपामिनसारखे रक्तदाब टिकवणारे औषध बाहेर पसरले तर तिथला रक्तपुरवठाच आवळला जातो. यात एक गोष्ट नातेवाइकांना ठाऊक नसते. सिरिंज पंप (औषध हळूहळू ढकलणारे यंत्र) वाजला नाही म्हणजे सलाइन नीट चालले आहे, असे मुळीच नाही. बाळाच्या ऊती इतक्या सैल असतात की शिरेबाहेर जाणाऱ्या द्रवालाही पंपाला फारसा अडथळा जाणवत नाही आणि तो निमूटपणे ढकलत राहतो. म्हणून दर तासाला डोळ्यांनी पाहणे आणि बोटाने चाचपणे याला पर्याय नाही. चिकटपट्टी पारदर्शक हवी, बोटांची टोके उघडी दिसायला हवीत आणि दोन्ही पंजे शेजारी धरून पाहायला हवेत. कातडी ताणलेली, थंड किंवा पांढरी वाटली, अथवा औषध सोडताना बाळ हात आखडून घेऊ लागले, तर आधी पंप बंद करायचा. कॅन्युला लगेच उपटायची नसते. तिच्यातूनच जमेल तेवढे औषध मागे ओढून घ्यायचे, मग ती काढायची आणि हात उंच ठेवायचा. भाचीच्या डागावर घरचे हळद, तूप, शेक, बर्फ असे काहीही लावू नका. डाग काळा पडून कडक होत असेल किंवा तिथली कातडी सुटत असेल, तर डॉक्टरांना तो मुद्दाम दाखवा आणि फाइलमध्ये त्याची नोंद आहे ना, हेही विचारा. हा प्रश्न विचारण्यात कोणाचा अपमान नाही.

डोक्यावरची शीर घेतात ती नाइलाजाने, तरीही ती चांगली असते, कारण तिथे चरबी कमी, शीर स्पष्ट दिसते आणि बाळ ती हिसकू शकत नाही. केस अगदी चार बोटांच्या जागेपुरते काढतात. मी ते कागदाच्या पुडीत बांधून आईकडे देते, म्हणजे आजीचाही राग निवळतो. जावळाला पुष्कळ केस उरतात.

आता पिक लाइन. तुमच्या भाचीच्या वजनाला बहुधा एक फ्रेंच मापाची नळी वापरतील. तिची जाडी मिलिमीटरचा एक तृतीयांश, म्हणजे शिवणाच्या दोऱ्याएवढी. आधी टेपने अंतर मोजतात: कोपराजवळून घालायची असेल तर दंडावरून खांद्यापर्यंत आणि तिथून छातीच्या हाडाच्या उजव्या कडेने खाली. मग डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, निर्जंतुक गाऊन आणि हातमोजे घालून एक जण नळी घालतो, दुसरा बाळाला सांभाळतो आणि सीपॅपवर लक्ष ठेवतो. शिरेत छोटी सुई जाते, रक्त दिसले की तिच्यातून ती दोऱ्यासारखी नळी बारीक चिमट्याने काही मिलिमीटर, पुन्हा काही मिलिमीटर अशी आत सरकवतात. घाई केली की शीर आकसते आणि नळी अडते. काम चालू असताना बाळाला कापडात गुंडाळून ठेवतात आणि जिभेवर आईच्या दुधाचे थेंब किंवा साखरेचे द्रावण देतात. वेदना कमी करण्याचा हा उपाय वाटतो त्यापेक्षा पुष्कळ उपयोगी आहे. शेवटी एक्स-रे काढतात, आणि टोक योग्य जागी आहे हे त्यात दिसल्यावरच औषध सुरू होते.

ही नळी लागली म्हणजे सुया पूर्ण थांबतील असे मात्र समजू नका. इतक्या बारीक नळीतून रक्त चढवत नाहीत आणि तपासणीसाठी काढतही नाहीत, कारण ती गोठून बंद पडते. त्यासाठी टाचेला किंवा शिरेला टोचावे लागेलच. ते रक्तही हिशोबाने काढायचे असते. ११०० ग्रॅमच्या बाळाच्या अंगात सारे मिळून सुमारे १०० मिलिलीटर रक्त असते, त्यामुळे प्रत्येक मिलिलीटरची नोंद आम्ही ठेवतो.


दोन मुलांचा बाबा

वरील माहिती उत्तम आहे, पण दुसरी बाजूही यायला हवी. आमच्या मोठ्या मुलाला जन्मानंतर अशीच लांब नळी लावली होती. काही दिवसांनी रक्तात जंतू सापडले, महागडी अँटिबायोटिक्स सुरू झाली, मुक्काम लांबला आणि बिलही. नळी लावली नसती तर हे झालेच नसते असे मला आजही वाटते. शिवाय कॅथेटरचा, म्हणजे या नळीचा, खर्च औषधांच्या बिलात वेगळा लागतो, ही गोष्ट आधी कोणी सांगत नाही. माझे मत असे की दूध सुरू झाले असेल तर नळीला सरळ नकार द्यावा आणि साध्या सुईवर चार दिवस काढावेत.


बालवैद्य

मी बालरोगतज्ज्ञ असून गंभीर आजारी नवजात बालकांवर उपचार करतो. ‘दोन मुलांचा बाबा’ यांचा अनुभव खोटा नाही, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष सर्वांना लागू करता येणार नाही. ते कसे, हे सांगण्यापूर्वी बेंबीतल्या नळीविषयीचा मूळ प्रश्न घेतो.

नाळेत दोन धमन्या आणि एक शीर असते. नाळ आडवी कापली की शीर मोठी, पातळ भिंतीची आणि उघडी दिसते; धमन्या लहान, जाड भिंतीच्या आणि आकसलेल्या असतात. ही शीर जन्मानंतर सुमारे आठवडाभर वापरता येते, आणि नवजात बाळाच्या शरीरात शिरायचा याहून सोपा रस्ता नाही, कारण तो निसर्गानेच उघडा ठेवलेला आहे. १९४० च्या दशकात बॉस्टनच्या लुई डायमंड यांनी आई आणि बाळाच्या रक्तगटांतील आरएच विसंगतीमुळे होणाऱ्या काविळीत बाळाचे रक्त बदलण्यासाठी याच शिरेतून प्लॅस्टिकची नळी घालायला सुरुवात केली, आणि नवजात शास्त्राची पुढची बरीच वाटचाल त्या रस्त्याने झाली. जन्मल्यावर बाळ रडले नाही, हृदयाचे ठोके येईनात आणि हृदयाला चालना देणारे ॲड्रेनलिन द्यायची वेळ आली, तर आजही पहिली पसंती याच शिरेला असते. तेव्हा नळी केवळ दोन ते चार सेंटिमीटर आत, रक्त परत येईपर्यंतच, घालतात आणि काम भागते.

पोषणासाठी ठेवायची नळी मात्र बरीच आत न्यावी लागते. ती बेंबीतून यकृतात, तिथून एका आखूड वाहिनीमार्गे खालच्या महाशिरेत जाते आणि तिचे टोक छातीच्या पडद्याच्या जरासे वर, महाशिरा हृदयाला मिळते त्या जागी हवे असते. अडचण अशी की ही वाट सरळ नाही. कधी टोक यकृतातल्या फांदीत शिरते, आणि तिथे तीव्र ग्लुकोज व पोषणद्रव सोडल्यास यकृताच्या ऊतीला इजा होते. सुरुवातीला योग्य जागी असलेली नळीही नाळेचा बुंधा सुकत जातो आणि पोट फुगते-उतरते तशी हलते. बुंधा सुकताना त्यावर जंतू वाढतात ते निराळेच. दिवस जातील तसा जंतुसंसर्गाचा आणि यकृताकडच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका चढत जातो, म्हणून बहुतेक विभाग ही नळी आठवड्याच्या आसपास काढून टाकतात. तुमच्या डॉक्टरांनी ती चालू असतानाच काढायचे ठरवले, यात त्यांची घाई दिसत नाही. बंद पडेपर्यंत किंवा ताप येईपर्यंत ठेवणे ही चूक ठरली असती.

आता दुधाचा हिशोब करू. नळीशिवाय भागण्यासाठी बाळाला दिवसाला किलोमागे साधारण १२० मिलिलीटर दूध पचायला हवे. ११०० ग्रॅमच्या बाळासाठी ते दिवसाला १३० मिलिलीटरच्या आसपास, म्हणजे दर दोन तासांनी सुमारे ११ मिलिलीटर होते. दूध रोज किलोमागे २० ते ३० मिलिलीटरने वाढवत नेतात, आणि मध्येच पोट फुगले किंवा हिरवट उलटी झाली तर थांबावे लागते. तेव्हा दूध ‘सुरू झाले’ आणि दूध ‘पूर्ण झाले’ यांच्यात बरेच दिवस जातात, आणि त्या काळात मेंदू वाढवायचा तर प्रथिने, चरबी व ग्लुकोज शिरेतूनच द्यावे लागतात. ते पातळ करून साध्या सुईतून देता येतात, पण मग एक तर पोषण कमी पडते किंवा पाणी जास्त होते.

जंतुसंसर्गाविषयी सांगायचे तर नवजात बाळांत लांब नळी आणि साध्या कॅन्युला यांची तुलना करणाऱ्या सहा छोट्या चाचण्यांचा कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेचा एकत्रित आढावा आहे, आणि त्यात लांब नळीमुळे रक्तातला जंतुसंसर्ग वाढल्याचा पुरावा मिळालेला नाही. साधी सुई पुन्हा पुन्हा टोचणे म्हणजे कातडीला पुन्हा पुन्हा दार पाडणेच असते, हे त्याचे एक कारण असावे. म्हणून नळी नको म्हटल्याने संसर्ग टळेल, असे मी सांगणार नाही. पण आपल्याकडच्या नवजात विभागांत जंतुसंसर्ग ही मोठी आणि खरी समस्या आहे, हे मान्यच करायला हवे. दिल्लीच्या तीन मोठ्या रुग्णालयांतील नवजात बाळांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला, त्यात ॲसिनेटोबॅक्टर आणि क्लेबसिएला हे जंतू अग्रभागी होते आणि त्यांतले बरेचसे नेहमीच्या अँटिबायोटिक्सना दाद देत नव्हते. हे जंतू नळीबरोबर जन्मत नाहीत. ते हातांवरून, नळीच्या जोडावरून आणि वारंवार उघडल्या जाणाऱ्या सलाइनच्या बाटलीतून येतात. नळीचा जोड वापरण्यापूर्वी जंतुनाशकाने पंधरा सेकंद घासून वाळू दिला जातो की नुसता बोळा फिरवला जातो, यावर नळीच्या जातीपेक्षा अधिक अवलंबून असते.

हृदयाभोवती पाणी साचण्याचा धोका क्वचित घडणारा आहे, पण कागदापुरता नाही. नळीचे टोक हृदयाच्या कप्प्यात राहिले आणि पातळ भिंतीला टेकले, तर पोषणद्रव त्या भिंतीतून झिरपून हृदयाच्या आवरणात साचते आणि हृदय दाबले जाते. ब्रिटनच्या आरोग्य खात्याने अशा चार नवजात मृत्यूंची तपासणी करून २००१ मध्ये अहवाल दिला, आणि टोक हृदयाच्या बाहेर, महाशिरेतच ठेवावे हा आग्रह त्यानंतर अधिक पक्का झाला. हातातून घातलेल्या नळीचे टोक हात वर-खाली केल्यावर पुढेमागे सरकते, हेही ध्यानात ठेवून एक्स-रे घ्यावा लागतो. नळी असलेल्या बाळाची तब्येत कारण न कळता एकाएकी ढासळली, तर या शक्यतेचा विचार पहिल्या काही मिनिटांत व्हायला हवा, कारण साचलेले द्रव सुईने काढले की बाळ वाचू शकते.

तेव्हा भावाने सही करण्यापूर्वी विचारावे: नळीतून काय द्यायचे आहे, टोक कुठे राहील आणि एक्स-रे कोण पाहणार? सही झाल्यानंतर रोजच्या भेटीत एकच प्रश्न पुरे: आज ही नळी कशासाठी हवी आहे? ज्या दिवशी त्याला ठोस उत्तर मिळणार नाही, त्या दिवशी नळी काढण्याविषयी बोलावे. कोणताही चांगला डॉक्टर या प्रश्नाने दुखावणार नाही, कारण फेरीच्या वेळी तो स्वतःही हेच विचारत असतो. खर्चाविषयी ‘दोन मुलांचा बाबा’ यांचे म्हणणे रास्त आहे. कॅथेटरची किंमत आधी सांगणे हे रुग्णालयाचे कर्तव्यच आहे.


दोन मुलांचा बाबा

डॉक्टर, सविस्तर उत्तराबद्दल आभार. जोड घासण्याची गोष्ट मला तेव्हा कोणी सांगितली असती, तर मी निदान पाहिले तरी असते. ‘सरळ नकार द्यावा’ हे माझे वाक्य मागे घेतो, खर्चाचे मात्र नाही.


कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. वरची उत्तरे भावाला वाचून दाखवली. दुधाचा हिशोब ऐकून भावजयीलाही हुरूप आला, कारण आपण काढून पाठवलेल्या दुधाने नळी लवकर निघेल हे तिला आतापर्यंत कोणी सांगितले नव्हते. दोन शंका उरल्या आहेत. नळी असताना आईला बाळ छातीशी घेता येईल का? आणि शेजारच्या पेटीजवळच्या एका नातेवाइकांनी सांगितले की शीर मिळाली नाही तर हाडात सुई घालतात. ते ऐकून माझी आई फार घाबरली आहे. असे खरोखर करतात का?


निवृत्त सिव्हिल

हाडातल्या सुईबद्दल मी लिहितो. माझी नोकरी जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत गेली, आणि जुलाब-उलट्यांनी कोरडी पडलेली मुले ज्यांनी पावसाळ्यात पाहिली आहेत, त्यांना या सुईचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

होय, असे करतात, पण ते तुमच्या भाचीसारख्या स्थिर बाळासाठी नव्हे. मूल बेशुद्ध आहे, नाडी लागत नाही, रक्तदाब मोजता येत नाही, अशा अवस्थेत हातापायाच्या शिरा आतून मिटून जातात आणि शीर शोधण्यात जाणारे प्रत्येक मिनिट महाग पडते. हाडाच्या आतली मज्जा मात्र मिटत नाही, कारण तिला हाडाचेच कवच असते, आणि तिच्यातल्या बारीक शिरा थेट मोठ्या रक्तप्रवाहाला मिळतात. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर जो उंचवटा लागतो, त्याच्या किंचित खाली आणि आतल्या बाजूला हाड कातडीच्या अगदी जवळ, सपाट असते. तिथे जाड आखूड सुई काटकोनात धरून पिळत आत दाबली की एकदम विरोध सुटल्याचे हाताला कळते आणि सुई आधाराशिवाय उभी राहते. सलाइन, रक्त, ॲड्रेनलिन, शिरेतून दिले जाणारे जवळजवळ सर्व काही तिच्यातून देता येते. त्याच हाडाला फ्रॅक्चर असेल तर तिथे ती घालत नाहीत. दुसरा रस्ता मिळाला की लगेच काढतात, आणि काही झाले तरी चोवीस तासांपलीकडे ठेवत नाहीत, नाहीतर हाडाला जंतुसंसर्ग होऊ शकतो.

ही युक्ती नवी नाही. हाडाच्या मज्जेतून द्रव रक्ताभिसरणात जाते, हे अमेरिकेत सेसिल ड्रिंकर यांनी १९२२ मध्येच दाखवले होते, दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांसाठी तिचा वापरही झाला, आणि नंतर प्लॅस्टिकच्या कॅन्युला आल्यावर ती मागे पडली. तिला पुन्हा उजेडात आणण्यात आपल्या देशाचा वाटा आहे, हे आपल्या विद्यार्थ्यांनाही फारसे ठाऊक नसते. जेम्स ओर्लोव्स्की नावाच्या अमेरिकी बालरोगतज्ज्ञांनी कॉलऱ्याच्या साथीत भारतातले डॉक्टर शीर न सापडणाऱ्या रुग्णांना हाडातून सलाइन देताना पाहिले, आणि १९८४ मध्ये त्यांनी लिहिलेल्या लेखानंतर ही पद्धत तिकडच्या बालरोग अतिदक्षतेत पुन्हा रुजली. आज मुलांच्या जीवरक्षक उपचारांच्या प्रशिक्षणात ती सर्वत्र शिकवतात. दुर्दैव हे की आपल्याकडे कित्येक ठिकाणी ती सुई कपाटात असते, पण घालायचा हात तयार नसतो. तालुक्याच्या ठिकाणी शीर शोधण्यात वेळ घालवून, काहीही न लावता मूल १०८ च्या रुग्णवाहिकेतून पुढे पाठवले जाते, आणि पोहोचेपर्यंत उशीर झालेला असतो. माझ्या मते एनआयसीयूतल्या बारीक नळ्यांइतकेच लक्ष या स्वस्त, जाड सुईकडे द्यायला हवे.

आजीबाईंना मात्र एवढेच सांगा की नवजात बाळाला तशीच वेळ आली तर डॉक्टर आधी नाळेच्या शिरेकडे वळतात. हाडाचा क्रमांक त्यानंतरचा.


बालवैद्य

‘निवृत्त सिव्हिल’ यांच्याशी सहमत आहे. एका गोष्टीची भर घालतो. वेळेआधी जन्मलेल्या बाळाचे हाड इतके मऊ आणि अरुंद असते की सुई आरपार जाण्याची भीती असते, म्हणून नवजात बाळांत हा मार्ग अधिकच जपून वापरतात. मोठ्या मुलांत, विशेषतः निर्जलीकरण, डेंग्यूचा शॉक किंवा अपघातातला रक्तस्राव यांत, शीर लवकर मिळत नसेल तर तो निःसंकोच वापरावा. शॉकमधून सावरल्यावर त्याच मुलाला मानेच्या किंवा जांघेच्या मोठ्या शिरेत सोनोग्राफीने पाहून नळी घालता येते, आणि ते शांतपणे करायला तेव्हा वेळ असतो.


कृष्णाकाठ

काल संध्याकाळी नळी लागली. भावाने विचारल्यावर डॉक्टरांनी एक्स-रे स्वतः दाखवला आणि टोक कुठे आहे तेही बोटाने दाखवले. हातातून जमले नाही म्हणून डाव्या पायातून, घोट्याजवळून घातली आहे. बेंबीतली नळी काढली. आता पायाची काय काळजी घ्यायची आणि छातीशी घेण्याविषयी काय, एवढे कोणी सांगावे.


रात्रपाळी

छातीशी नक्की घेता येते, ताई. सीपॅप आणि पिक लाइन असलेल्या स्थिर बाळांना आम्ही रोज कांगारू पद्धतीने आईजवळ देतो. फक्त बाळ पेटीतून बाहेर काढताना आणि परत ठेवताना दोन सिस्टर हव्यात, एकीने बाळ धरायचे आणि दुसरीने केवळ नळ्या. भावजयीला पुढून उघडणारा सैल गाऊन द्या आणि पाठीला टेकू असलेली खुर्ची मागा. टाक्यांमुळे तिला ताठ बसवणार नाही, आणि एकदा बाळ घेतले की निदान तासभर तरी ठेवायचे असते.

त्या पायावर रक्तदाबाचा पट्टा बांधू नये आणि त्या पायाच्या टाचेतून रक्त काढू नये. पेटीवर तशी चिठ्ठी लावा म्हणून सिस्टरांना सांगा, म्हणजे पाळी बदलली तरी विसर पडत नाही. काजळाचा तीट, काळा दोरा किंवा वाळे त्या पायात घालायचा आग्रह घरून झाला तर गोड बोलून टाळा. दोन्ही मांड्या आणि दोन्ही पोटऱ्या सारख्या दिसतात का ते पाहत राहा. डावी बाजू सुजलेली, लालसर किंवा निळसर वाटली, शिरेच्या रेषेत लाल पट्टा उमटला, किंवा चिकटपट्टीखाली ओल दिसली, तर भेटीची वेळ संपायची वाट न पाहता लगेच सांगा. चिकटपट्टीखाली नळीचे वेटोळे केलेले दिसेल, ते मुद्दाम ठेवलेले असते; ते सरळ करायला कोणी जाऊ नये. औषध सोडताना सिस्टर दहा मिलिलीटरची मोठी सिरिंज वापरताना दिसतील, तेही मुद्दामच, कारण लहान सिरिंजने दाब फार वाढतो आणि इतकी बारीक नळी आतल्या आत फुटू शकते.

दुधाची बाटली पाठवताना तिच्यावर बाळाच्या आईचे नाव, तारीख आणि वेळ लिहा, आणि रात्रीचे काढणे चुकवू नका. आमच्याकडे पहाटेच्या फीडला दूध कमी पडते, असे फार वेळा होते.